या जेवायला

३ मार्च १९६३, मंगफ
चार वर्षं सहा जणांच्या खोलीत काढल्यावर अखेर स्वतःची जागा मिळाली! मालकांनी जपानमधल्या एका धान्यव्यापारी घराण्याची तीनशे वर्षांची हवेली विकत घेतली, तुळयांवर नंबर टाकून ती सुटी केली आणि बोटीने आणून इथे समुद्राकाठी पुन्हा उभी केली. मी तिचा राखणदार. माझी खोली मागच्या अंगाला. शुक्रवारी पाहुण्यांना हवेली दाखवायची, रोज सकाळी बागेतल्या पांढऱ्या खडीवर दाताळ्याने रेघा ओढायच्या. कुवेतला वाळू कमी पडली म्हणून खडीही जपानहून आणली! पंचवीस तारखेच्या बोटीने बायको ताहिरा आणि लेक असमा येणार. असमा आता सात वर्षांची झाली. मला ओळखेल का, हीच धाकधूक.

७ मार्च
दुपारी हवेलीच्या ओसरीवर पापलेटचं कालवण आणि भात घेऊन बसलो होतो. कागदी दारापलीकडे कुणाची तरी सावली थांबली. हवेली जोडणारा म्हातारा जपानी मिस्त्री असेल असं वाटून म्हटलं, "या जेवायला." आपल्याकडे यावर समोरचा म्हणतो, होऊ द्या तुमचं. सावली मात्र खाली बसली. जरा वेळाने मिस्त्री बाजाराची पिशवी घेऊन फाटकातून आत आला.

१० मार्च
तीन दिवस पोट भरत नाही. दोघांचा भात रांधतो, ताट चाटूनपुसून उठतो, तरी भूक तशीच. पट्टा दोन भोकं आत गेला. पाणी बाधलं असेल.

१४ मार्च
मिस्त्री इथल्या मजुरांकडून मोडकंतोडकं हिंदी शिकलाय, त्यातच त्याला त्या सावलीबद्दल विचारलं. तो आधी हसला. मग माझं मनगट हातात घेतलं आणि त्याचं हसू गेलं. म्हणाला, दुष्काळात या घराण्याने कोठारं बंद ठेवली होती. एका मोलकरणीने मूठभर तांदूळ बाहेर दिले, म्हणून तिला त्या कागदी दारामागच्याच खोलीत कोंडून उपाशी मारलं. तेव्हापासून या घरात कुणी कुणाला जेवायला बोलवत नसे. जो तो आपला वाडगा घेऊन दाराकडे पाठ करून जेवे. बोलावलं, तर ती बोलावणाऱ्याच्या पोटातलं खाते. घरातल्या दुसऱ्या कुणी बोलावलं, तरच पहिल्याला सोडते. मिस्त्री परवा मायदेशी चालला.

१९ मार्च
मालकांचे मॅनेजर झहूरभाई, त्यांना म्हटलं, मला इथून हलवा. ते म्हणाले, दोघींचा व्हिसा याच नोकरीवर आहे, सोडलीस तर त्यांना बंदरातूनच परत पाठवतील. बोट तर मुंबईहून सुटलीसुद्धा.
मला भीती वाटते. त्याहून लाज वाटते. काल क्षणभर मनात आलं, ताहिरा आली की तिने एकदा —
नाही. तोबा.

२३ मार्च
काल पाहुण्यांतली एक बाई मला बघून मागे सरली. सकाळच्या रेघांवर पावलं नाहीत — गुडघ्यांचे ठसे आहेत. माझ्या खोलीच्या दिशेने.

२५ मार्च
आल्या. "तुमी किती सुकलाव!" म्हणून ताहिरा धक्क्यावरच रडली. तिला सगळं सांगितलं, शपथ घातली, इथे कुणालाही जेवायला बोलवायचं नाही. खोलीत येताच तिने तांदळाच्या भाकऱ्या केल्या, गावाहून आणलेलं सुकट परतलं.
तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि पोट भरलं! ढेकर आला. अल्लाचे लाख शुक्र. हे लिहायला लगेच वही घेतली —

असमा सहावी भाकरी मागतेय.

पोरीला सांगायचं राहिलं. म्हणते, दारात एक बाई उभी होती, तिला 'या जेवायला' म्हटलं —
"अब्बा, पोट भरत नाय."

ताहिराला म्हटलं, बाहेरून कडी घाल, पोरीला घेऊन बंदर गाठ. परत पाठवोत, जिवंत तर राहाल. ऐकेना. रडतेय —
मी दाराकडे तोंड केलं. बोलावलं. दोनदा.

असमाने भाकरी खाली ठेवली. पुरे म्हणाली.

कडी वाजली. पोरीचा आवाज लांब, फाटकापाशी —
ती समोर येऊन बसलीय. ताटात काही उरलं नाही. माझ्याकडे बघ —