थोरल्याचे हात

३ नोव्हेंबर

मुलांच्या पुस्तकासाठी काढलेली अस्वलांची चित्रं परत आली. बाराच्या बारा. संपादकबाईंनी प्रत्येकाखाली पेन्सिलीने बारीक लिहिलंय. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून फोनही केला.

"धाकटं अस्वल झकास. नदी झकास. पण थोरल्याचे हात कुठे आहेत?"

म्हटलं, आहेत की.

"कुठे? एकात पाण्याखाली, एकात पोत्यात, एकात झाडामागे. चोरीबिरी करून आलाय का तो?"

हसलो. फोन ठेवून मोजलं. बाराही चित्रांत लपवलेत.

४ नोव्हेंबर

हात काढायला अवघड असतात. एवढंच.

७ नोव्हेंबर

रविवार. मी कामाला जातो तो बाइंडिंगचा कारखाना बंद. खोलीत टेबल एकच, त्यावर मफलरची इस्त्री. (मफलर म्हणजे माझा खोलीतला सोबती. उन्हातही त्याच्या गळ्यात मफलर असतो.) इस्त्री खाली ठेवली, कागद मांडला.

आधी काडेपेटीएवढे चौकोन. त्यात फक्त ठिपके — मोठा ठिपका थोरला, लहान ठिपका धाकटा. कोण कुठे, एवढंच बघायचं. मग बाइंडिंगमधल्या वाया गेलेल्या कागदावर कच्चं. चांगल्या कागदाला हात सगळ्यात शेवटी.

अस्वल पोटापासून सुरू करायचं. डोक्यापासून सुरू केलं की माणूस होतो. हे दादाने शिकवलं. लहानपणी तो काढायचा, मी रंगवायचो. रेषा त्याची, रंग माझे, असंच चालायचं.

एका जागी बसवत नाही. उजवा पाय हलत राहतो, टेबल हलतं, रेषा बिघडते. तीनदा खाली जाऊन आलो. कामाशिवाय.

९ नोव्हेंबर

कागद कापायच्या कटरवर नवा माणूस आलाय. मी छापील पानांचे फर्मे घेऊन पलीकडून वळसा घालून जातो. फोरमन म्हणतो, "पाय फुकट मिळालेत काय तुला?"

लिहून टाकतो एकदाचं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत कटरवर दादा होता. तो गठ्ठा लावायचा, पेडलवर मी. एक कागद बाहेर आला होता. तो आत सारायला त्याने हात घातला. मी दाबलं. उजव्या हाताची मधली तीन बोटं. आवाज रोजच्यासारखाच आला.

"माझीच चूक" — फोरमनला, डॉक्टरला, वहिनीला, सगळ्यांना त्याने हेच सांगितलं. मला काहीच म्हणाला नाही. बँडेज असतानाच गावी घरी परत गेला. एकवीस महिने झाले. भांडण नाही. बोलणं पण नाही. फोन वहिनी करते.

लिहून झालं. काही वाटलं नाही. चहा प्यायलो.

१२ नोव्हेंबर

बाईंच्या ऑफिसात गेलो. याच बाई एकदा बाइंडिंगमध्ये फर्मे बघायला आल्या होत्या, गठ्ठ्यावरच्या रद्दी कागदावर माझी अस्वलं दिसली, म्हणाल्या, कोणाची ही? माझं पहिलं पुस्तक त्यातून आलं. आज हसल्या नाहीत. शेवटचं पान वाचून दाखवलं. "थोरल्याने हात पुढे केला. धाकट्याने तो धरला."

"हे ऐकून मूल चित्रात काय शोधणार?"

"हात."

"मग? बावीस तारखेपर्यंत थांबते. नाही जमलं तर थोरलं दुसऱ्या चित्रकाराकडून काढून घ्यावं लागेल. धाकटं तुझं, थोरलं त्याचं. मला आवडणार नाही, पण करेन."

बरं म्हटलं. येताना बस सोडून चालत आलो.

१४ नोव्हेंबर

एकोणीस हात काढले. आरशात बघून माझा. मग मफलरचा.

"घे आमचा हात. पण नखं काढू नकोस, भांडी घासून पार गेलीत. कुणी ओळखलं तर?"

"अस्वलाचं आहे ते."

"मग तर मुळीच काढू नकोस."

संध्याकाळी एक पंजा बरोबर आला. पाच बोटं, नीट पुढे केलेला. पुसला. थोरल्याला तो शोभत नव्हता. थोरल्याला पाच बोटं मला देता येत नाहीत.

१६ नोव्हेंबर

वहिनीचा फोन. "भाऊजी, कुठवर आलं पुस्तक? तुमची पुतणी वर्गभर सांगत फिरते, काकाचं पुस्तक येणार. तुम्ही पाठवलेली चित्रं मोबाइलवर मोठी करकरून बघते."

म्हटलं, हातांपाशी अडलंय. आणि मग तोंडातून गेलं — "दादाचा हात कसा दिसतो आता?"

वहिनी म्हणाली, "त्यांनाच विचारा ना. इथेच बसलेत."

म्हटलं, आवाज येत नाहीये, आणि फोन कापला. आवाज चांगला येत होता.

१७ नोव्हेंबर

कटर दिवसभर चालू.

१८ नोव्हेंबर

बाईंना मेसेज केला, दुसऱ्याला द्या. एका ओळीत दोन चुका. उत्तर आलं, "सोमवारपर्यंत थांबते म्हटलं ना."

२० नोव्हेंबर

दुपारच्या सुट्टीत मोबाइल वाजला. दादाच्या नंबरवरून फोटो.

कागदावर हात ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवलीय. लहान मुलं करतात तसं. अंगठा. करंगळी. मधे उतरती रेषा, बुटक्या टेकडीसारखी. रेषा थरथरलेली, म्हणजे डाव्या हाताने.

खाली वाकडं लिहिलंय — "एवढा आहे. झाडामागे उभा केलास तो पडेल. वजन डाव्या पायावर घे."

म्हणजे चित्रं तोही बघत होता.

सुट्टी संपली तरी तिथेच होतो. फोरमन काहीतरी ओरडला. नंतर कळलं, पाय हलत नव्हता.

२१ नोव्हेंबर

दिवसभर एकच चित्र. पोटापासून. वजन डाव्या पायावर. उजवा पंजा पुढे, अंगठा आणि करंगळी, मधे टेकडी. धाकट्याने करंगळी धरलीय.

मफलर मागे उभा होता. स्वतःची इस्त्री स्वतः उचलून ठेवली.

२२ नोव्हेंबर

बाईंनी चित्र खिडकीशी नेलं.

"बोटं मोजून काढलीस?"

"हो."

"दोनच?"

"थोरल्याला एवढीच आहेत."

चित्र टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मग उरलेल्या अकरांत काय? तिथे अजून लपवलेलेच आहेत. एका पानावर दाखवून चालायचं नाही. आठ दिवस देते."

अकरा चित्रं. आठ दिवस. बाइंडिंग सांभाळून. होत नाही.

२४ नोव्हेंबर

सकाळी दादाकडून अजून एक फोटो. अख्खं अस्वल. डाव्या हाताने काढलेलं. रेषा थरथरते, त्याचीच अंगभर लव झालीय. पंजे समोर.

बाईंना फोन केला. म्हटलं, थोरलं दुसऱ्याला द्या. माणूस आहे माझ्याकडे. रंग मी भरतो.