सुपातली सुते

शोवा सहावं वर्ष, ५ फेब्रुवारी

दुसऱ्याचं मूल उचललं मी आज! या माझ्या हातांनी. अक्षर वाकडं येतंय — येऊ दे. कोण बघणार आहे.

पहाटे नेहमीसारखी जिझोच्या दगडाला गरम चहा ठेवायला निघाले होते. मेलेल्या पोरांना सांभाळणारा देव तो, माझी तिन्ही त्याच्याच पदराआड. त्यांना रोज काहीतरी ऊन ऊन मिळावं एवढंच. तिठ्यावर पोचते तर बर्फात सूप. सुपात बाळ! लाल फडक्यात गुंडाळलेलं, ओठ निळे. रडणं कसलं, मांजराचं पिल्लू बरं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी काही विचार केला नाही. चहाची किटली तिथेच टाकली, पोर उचललं आणि कपड्यांच्या आत छातीशी घातलं.

मग डोकं ठिकाणावर आलं. हे तर गिसाबुरोचं बाळ! त्याच्या बायकोची, मिनेची, आधीची दोन गेली, आणि यंदा गिसाबुरोला बेचाळिसावं लागलंय, पुरुषाचं अपशकुनी वर्ष. अशा घरातलं पोर तिठ्यावर टाकायचं, आणि ठरवलेल्या बाईने ते उचलायचं. मरण शोधत आलं तर म्हणतं, या घरात पोरच नाही, आणि पुढे जातं. सगळं आधी ठरलेलं असतं. फक्त माझ्यासारखीला कोण सांगायला बसलंय!

ठरवलेली बाई होती राकुकाकू. गावप्रमुखाची बायको, सात पोरं, सातही धडधाकट. ती आलीच समोरून, हातात टाकलेलं पोर लोटून घ्यायचा झाडू, धापा टाकत. मला बघून जागच्या जागी उभी राहिली.

"तोवा, तू?"

"काकू, ठेवते खाली. तुम्ही घ्या."

"खुळी की काय! दोनदा टाकलेलं पोर जगतं का? पहिला हात तुझा लागला. झालं. ने आता घरी."

६ फेब्रुवारी

काल पुढचं लिहवेना.

घरी आले तर नवरा माझा, कानेसाकु, पिंपाला कडं ठोकत बसला होता. त्याने मान वर केली. "कुणाचं?" मी म्हटलं, "आपलं." आणि जीभ चावली. त्याने हातोडा खाली ठेवला. विस्तवावर पाणी ठेवलं, माळ्यावर चढला आणि एक छोटं लाकडी घंगाळ घेऊन आला. आमच्या पहिल्या पोरासाठी केलेलं. त्यात कधी कुणाला न्हाऊ घातलंच नाही. कुठे ठेवलं होतं इतकी वर्षं, मला वाटलं विकलं असेल!

न्हाऊ घातली. मुलगी आहे. तांदळाच्या पेजेत बोट बुडवून दिलं, तर ही चोखते कशी — बोट तोडून नेईल असं वाटलं. मी रडले. कानेसाकु बाहेर गेला, लाकडं फोडायचं निमित्त.

उचलणारीनेच नाव द्यायचं असतं. माझ्याकडे एक नाव होतं जपून ठेवलेलं, माझ्या तिसरीसाठी. जिभेवर आलं होतं. गिळलं. जे नाव माझ्या पोरीला पुरलं नाही ते या जिवाला कशाला बांधू? म्हटलं, सुते. टाकलेली. टाकून दिलेल्या चिजेवर कोण डोळा ठेवतो!

आणि चिवट नाव आहे ते. रेशमाच्या गिरणीत कामाला होते तेव्हा माझ्या शेजारच्या चाकावर एक सुते होती. आम्ही सगळ्या खोकून खोकून अर्ध्या झालेल्या, ही दोघींचं कालवण पिऊन वर विचारायची, "तुझं संपलं नाही का गं?" गावातली तोफूवाली सुतेआजी तर ऐंशीच्या पुढची. गिऱ्हाइकांवर अजून खेकसते, कडक भाकऱ्या स्वतःच्या दातांनी फोडते. काल नाव ऐकून आली आणि म्हणाली, "बरं केलंस. या नावाचीला यम दारातून परत पाठवतो. मला दोनदा पाठवलंय."

कालच दुपारी पोर परत द्यायला गेले. उंबऱ्यावर उभं राहून म्हणायचं असतं — "हे मूल माझं आहे. माझ्यासाठी वाढवा." म्हटलं. आवाज फाटला माझा. तोकु म्हातारी, मिनेची सासू, कच्चं तुरट पर्सिमॉन फळ चावल्यासारखं तोंड करून उभी.

"अख्ख्या गावात पांढऱ्या पायाचीच मिळाली आमच्या पोरीला! त्या राकुला एक दिवस लवकर उठता येईना!"

मिने तिच्या मागे होती. चेहरा पांढराफटक. पोर घेतलं, छातीशी लावलं, माझ्याकडे बघितलं नाही. घाबरली असेल. तीन पुरलेल्या बाईचा हात लागला पोरीला! मी तिच्या जागी असते तर मीही घाबरले असते.

घरी येईपर्यंत छाती उबदार होती. मग गार पडली.

७ फेब्रुवारी

किटली आणायला गेले होते, सूपही उचलून आणलं. सुपाची खूण अजून बर्फात आहे. तिठ्याच्या दगडाशी ठेवतात ना, तर हे जिझोच्या वाटेवर, चांगलं दहा-बारा पावलं आत. अंधारात कळलं नसेल ठेवणाऱ्याला. तिथे ठेवलं नसतं तर मी चहा ठेवून दुसऱ्या अंगाने निघून गेले असते, आणि हे सगळं झालंच नसतं.

१९ मार्च

सुते जगतेय. तोफूवाली सांगत होती, गाल आलेत.

शोवा सात, १ जानेवारी

नव्या वर्षाला पोरीला उचलणारीच्या घरी आणायचं, तांदळाच्या चिकट वड्या, मोची, घेऊन. सगळं गाव करतं. मी तीन दिवस घर झाडत होते. कानेसाकुने इवल्या इवल्या खडावा केल्या, लाल दोऱ्याच्या. तिला अजून धड चालता येत नाही, पण म्हणाला, "घरी ठेवेल, मोठी झाली की घालेल."

दाराशी बसून राहिले. दुपारी दिसल्या दोघी — तोकु म्हातारी पुढे, मिने मागे, पाठीवर सुते. माझ्या दारावरून गेल्या. सरळ राकुकाकूच्या घरी! मोचीचं ताट तिकडे. मिने वळणावर थांबली, माझ्या बाजूला मान खाली घातली आणि निघून गेली.

मान खाली घालतेय! लाज वाटते तर कशाला जातेस? की मान खाली घातली की सगळं फिटतं? त्यांच्यासाठी केलेल्या मोचीचा सगळा ढीग मी आणि कानेसाकुने आठ दिवस खाल्ला. खडावा माळ्यावर गेल्या.

२३ नोव्हेंबर

लोणच्याचा पाला धुवायला नदीवर सगळ्या बायका. पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटेनाशी होतात. मिने येऊन नेमकी माझ्याशेजारी बसली. बाकीच्या कुजबुजायला लागल्या. पाला धुता धुता हळूच म्हणाली —

"सुते पळायला लागली. धरता धरवत नाही."

एवढंच. आणि मी काय म्हणावं! "मला काय सांगतेस? राकुकाकूला सांग की. मोची तिकडे, बातम्या इकडे?"

दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. मिने एकच पान घेऊन धूत बसली, परत परत.

बरं वाटलं बोलताना. आता नाही वाटत. पण मी तरी किती गिळायचं?

शोवा आठ, १ जानेवारी

पुन्हा राकुकाकूकडेच. मी या वर्षी घर झाडलं नव्हतं. झाडलं होतं. कशाला खोटं लिहू.

शोवा नऊ, १४ ऑगस्ट

आज बोलले तिच्याशी! सुतेशी!

तिठ्यावर एकटीच नाकतोडे पकडत होती. मी जिझोकडून येत होते. गुडघा फुटलेला, नाक वाहतंय, केस असे कापलेले की बापाने पिंपाचं झाकण डोक्यावर ठेवून कापले असावेत. तोफूवालीचं खरं, या नावाची पोर भक्कमच निघते.

मला बघून उभी राहिली. म्हटलं, "ओळखतेस का गं मला?"

"हो! तू मला उचललंस. आई रोज दाखवते. तू चहा घेऊन चाललीस ना, की मला उठवते आणि खिडकीतून दाखवते — ती बघ, ती."

रोज दाखवते! सांभाळून राहायला सांगत असणार — ती बघ ती बया, तिची सावली घेऊ नकोस. एवढ्याशा पोरीला धाक! आणि ती पोर कशी, हातातला नाकतोडा माझ्यापुढे धरून म्हणते, "घे. तुला."

घेतला. घरी येईपर्यंत मुठीत होता. उडवून दिला अंगणात, आणि मग तिथेच बसून राहिले.

शोवा दहा, ४ मे

मिनेला खोकला लागलाय. मला तो आवाज माहीत आहे, गिरणीत रात्रंदिवस ऐकलाय. रक्त पडतं म्हणतात. नदीतल्या माशाचं कालवण करून नेलं. रुसवा असेल तो असेल, जिवावर बेतलं की काय धरून बसायचं! तोकु म्हातारीने दारातच अडवलं. "तुझ्या हाताचं इथे काही चालायचं नाही. एकदा लागला तेवढा पुरे." भांडं घेऊन परत आले. आतून खोकता खोकता मिने काहीतरी म्हणत होती. कळलं नाही.

१७ सप्टेंबर

मिने गेली.

तिशीही गाठली नाही. कोपऱ्यात बसून उदबत्ती लावली. सुते पांढऱ्या कपड्यांत, भाताचा वाडगा घेऊन बसलेली. लोक रडतायत म्हणून बघत होती, मधेच एक घास खात होती. मला बघून हात हलवला. तोकुने तो हात धरून खाली केला.

कधी गोड बोलले नाही मी तिच्याशी. तीही नाही माझ्याशी. मग एवढं का लागतंय मला?

२ ऑक्टोबर

सुतेला पाठवणार आहेत! नागोयाला, गिसाबुरोच्या लांबच्या चुलत्याकडे. भात घरात आला की. गिसाबुरो दुसरी करतोय, आणि येणारीला पहिलीची पोर नको. चुलत्याच्या घरी माग आहेत, सहा-सात माग. पोरीला शाळेत घालू म्हणतात. घालतात! मी नऊ वर्षांची असताना मलाही असंच सांगून नेलं होतं. माझ्याबरोबर गेलेल्या किती परत आल्या ते मला माहीत आहे.

कानेसाकु जेवता जेवता म्हणाला, "आण तिला."

"कोणत्या तोंडाने? चुकून लागलेला हात माझा. त्यांनी कधी मानला? चार वर्षांत उंबरा चढू दिला नाही. त्या पोरीच्या आईलाच मी नको होते! मेलेल्या बाईच्या मनाविरुद्ध तिची पोर ओढून आणू?"

जेवण झाल्यावर तो माळ्यावर गेला. खाली आला तेव्हा हातात खडावा होत्या. धरून बघितल्या आणि म्हणाला, "लहान होतील आता." आणि नव्या करायला बसला. या माणसाला काय म्हणावं! माझा जीव इथे तीळ तीळ तुटतोय आणि हा मापं घेतोय.

८ ऑक्टोबर

परवा नेणार म्हणे. बोचकं बांधलंय. चहा ठेवायला गेले तर त्यांच्या खिडकीत सुते एकटीच उभी. उठवायला कोणी नाही, तरी उठली होती.

९ ऑक्टोबर

राकुकाकू येऊन गेली. उंबऱ्यावरच टेकली, चहाला हात लावला नाही.

"तोवा, मी त्या दिवशी उशिरा आलेच नव्हते. देवळाची घंटासुद्धा व्हायची होती. मिनेनेच पोर लवकर नेऊन ठेवलं, तुझ्या वाटेवर. आणि तू उचलेपर्यंत झाडाआड उभी होती, ओली बाळंतीण, बर्फात. तू गेल्यावर माझे पाय धरले. म्हणाली, काकू, तुम्हाला उशीर झाला असंच सांगा, नाहीतर सासू मला जिवंत ठेवणार नाही. मी म्हटलं, अगं, तीन गेली तिची, तिलाच का? तर म्हणाली, जी मेलेल्यांना रोज ऊन चहा नेते, ती जितीला कधी सोडायची नाही."

ती बघ, ती. रोज दाखवायची.

मिने, मिने! नदीवर एक शब्द तरी नीट बोलले असते गं तुझ्याशी.

ते सूप पुसून ठेवलंय. खडावा तयार आहेत. सकाळी जाते, उंबऱ्यावर उभी राहून सांगते — माझं मूल आहे. वाढवलंत, उपकार झाले. आता न्यायला आलेय.