जुन्या विमानाची नवी अक्षरं

३ ऑक्टोबर, शुक्रवार
काल सकाळी विहार सोडून विमानाच्या पूजेला गेलो. विजयादशमीला विहार कधी चुकला नव्हता. पण स्वप्नीलची पहिली नोकरी! लायसन्स हातात घेऊन पोरगा तीन वर्षं घरी बसला होता. आता गुणवंतभाईंच्या खाजगी विमानाचा पायलट.

एकाच इंजिनचं, लहानसं. पांढरं, शेपटीकडे निळी नवीकोरी अक्षरं – नोंदणीची. हंसाबेननी, म्हणजे शेठाणींनी, पुढच्या पंख्याला हार घातला. मी नुसते हात जोडले. शेपटीजवळ पत्र्याची पाटी दिसली, तिच्यावर बनवतानाचा नंबर. गाडीचा चासी नंबर असतो तसा. कौतुकाने फोटो काढला.

५ ऑक्टोबर
धाकट्या लेकीने, पंचशीलाने, तो नंबर नेटवर टाकला. दादाच्या विमानाचा जुना फोटो मिळेल म्हणून.

मिळाला! परदेशातला. अक्षरं वेगळी, नंबर तोच. विमान शेतात नाकावर उभं. उडता उडता इंजिन बंद पडलं होतं. मग दुरुस्ती, विक्री, दुसरी अक्षरं – आणि पुन्हा तेच! दुसऱ्या अपघाताच्या अहवालाची शेवटची ओळ तिने मराठीत सांगितली : "इंजिन का बंद पडलं, कारण सापडलं नाही."

बायकोच्या, वैजयंताच्या हातातलं लाटणं थांबलं.

६ ऑक्टोबर
माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून आईने मला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव ठेवलं केरबा. मरणाने केर समजून सोडून द्यावं म्हणून. आई मरणाला फसवत होती. इथे नवी अक्षरं लावून कोणाला फसवताहेत?

८ ऑक्टोबर
गुणवंतभाईंच्या कारखान्यावर गेलो. फोटो दाखवला. दचकले नाहीत.

"अरे केरबाभाई, इंजिन खोलके चेक किया है. रजिस्ट्रेशन पक्का, सब पेपर क्लियर." मग हसले. "और तुम्हारे लडके को सब मालूम है. वही तो ढूँढके लाया!"

निघताना म्हणाले, "हंसा को मत बोलना हां. वो तो लिफ्ट में भी डरती है."

रविवारी त्याच हंसाबेन दोन नातवंडं घेऊन दीवला निघाल्यात. उडवणार स्वप्नील.

९ ऑक्टोबर
"पप्पा, ठोकलेली रिक्षा दुरुस्त होऊन धावतेच ना?"
"मग हंसाबेनना सांग."
"त्या बसणारच नाहीत!"
"म्हणूनच सांग."
"आणि शेठ मला ठेवतील? तुम्ही तुमची वंदना करा, पप्पा. विमानातलं मला कळतं."

खरं आहे, मला कळत नाही. इंजिन आता ठणठणीतही असेल. पण त्यात बसायचं की नाही, हे हंसाबेननी ठरवायला नको?

१० ऑक्टोबर
खोटं बोलणार नाही – हे शील रोज म्हणतो. आज तिथेच अडलो. गप्प बसणं त्यात येतं का?

वैजयंता म्हणते, "पोराच्या तोंडचा घास काढू नका." आणि लगेच स्वतःच, "तो पण त्यातच बसणार ना हो?"

११ ऑक्टोबर, शनिवार
भाईंदर पश्चिमेला शेठच्या बंगल्यावर गेलो. स्वप्नील तिथेच होता, हंसाबेनना उद्याची वेळ सांगत. मला बघून पांढरा पडला. "पप्पा, नको..."

मोबाईल हंसाबेनच्या हातात दिला. शेतातला फोटो.

"हे तुमचंच विमान," म्हणालो. "आणि माझ्या पोराला हे माहीत होतं."