नवं कुलूप

५ जाने., सोहार, ओमान
शबनमआपांचा मेल. लांबच्या कॉम्प्युटरमध्ये सुरक्षित लॉगिन करायचा आमचा फुकट प्रोग्राम, त्याचं कुलूप, म्हणजे मजकूर गुप्त ठेवणारा आपांनी लिहिलेला भाग, म्हणे एका परदेशी कंपनीच्या पेटंटमध्ये बसतं. लोकांना वाटायचा तर परवाना घ्या. म्हणजे फुकट खलास! डोकं फिरलं.

६ जाने.
प्लांटमध्ये जेवणाच्या सुट्टीत अख्खं पेटंट वाचून काढलं. आपांना तेवढीच मदत. खुशीत फोन केला. त्या म्हणाल्या, "प्रसाद, वाचलंस? आता कुलपाच्या कोडला हात लावायचा नाही."
वाचलेलं नकळत हातात उतरतं, मग ती नक्कलच ठरते, उद्या कोणी 'वाचलं होतं का' विचारलं तर खोटं बोलणार का, असं त्यांचं म्हणणं. भांडलो. बाई बरोबर आहे, त्याचाच राग जास्त.

९ जाने., अल् घुब्रा
शुक्रवारची सुट्टी, आपांकडे. या दापोलीच्या बाई, दहावीच्या शिकवण्या सांभाळून हे सगळं करतात. जुनं कुलूप माझ्यासमोर काढून टाकलं. केवढी मेहनत! माझा जीव तुटला. त्या सांदण वाढत होत्या. म्हटलं, घेऊ की परवाना. तर म्हणाल्या, गावच्या शाळा वापरतात, त्यांना काय सांगू?
ठरलं ते असं: नवी रचना त्या सांगणार, ती पेटंटमध्ये अडकते का बघून मी फक्त 'चालेल' किंवा 'नाही' म्हणायचं. कारण सांगायचं नाही, नाहीतर पेटंट त्यांच्याही कानात जाणार.

२३ जाने.
'नाही.' एक पायरी बदलली की झालं असतं. ओठांवर आलेलं गिळलं. आपांना कळलं असणार, चहा पुढे केला नुसता.

१३ फेब्रु.
परत 'नाही'. घरी येताना गाडीत स्वतःलाच शिव्या. कशाला वाचलं?

२७ फेब्रु.
रोजा सोडायला अवकाश होता, आपांचा घसा सुकलेला, तरी तासभर समजावत होत्या. मी मनात धरून बसलेली ती पायरी या रचनेत नाहीच, तिची गरजच ठेवली नाही! मला सात जन्मांत सुचलं नसतं. 'चालेल' म्हटलं, तेही दोनदा. काय बाई आहे!

२ एप्रिल, सोहार
नवं कुलूप लोकांकडे पोचलं, आणि आज कंपनीचा परत मेल. दुसरं पेटंट जोडलंय, या वेळी फाइल पाठवायच्या भागावर. तो भाग माझा. आपांना फोन केला, म्हटलं आता हेही मीच वाचतो, मी तर पहिलं वाचून आधीच बाहेर.
"नको. हे मी वाचते, तू लिही. 'नाही' म्हणायची पाळी आता माझी."
पहिली रचना पुढच्या शुक्रवारी न्यायची आहे. कागद कोरा. इन्शाल्ला.