खाखरवाड्याची गोडी बारव

मी हांसबा, खाखरवाडा संस्थानचे कैलासवासी ठाकोर मेरामणजी यांची विधवा, वय एकाहत्तर, राहणार दरबारगढ, खाखरवाडा, काठियावाड. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे; वैद्य लाभशंकर यांनी तपासून तसे सांगितले आहे. कोणाच्या दडपणाने नव्हे, उलट पुष्कळांची नाराजी पत्करून हे लिहून ठेवते.

१. गावाबाहेरची गोड्या पाण्याची बारव माझ्या वडिलांनी लग्नात मला आंदण म्हणून स्वखर्चाने बांधून दिली. ती माझे स्त्रीधन आहे, संस्थानची मालमत्ता नव्हे. यजमान वारले तेव्हा माझा मुलगा अखेराज लहान होता, म्हणून इंग्रजांच्या एजन्सीने कारभार आपल्या हाती घेतला. पुढे पाऊस हुकला त्या साली एजंटसाहेबाचा तळ इथे पडला आणि त्याच्या घोड्यांसाठी बारवेला कुलूप लागले. गाव खाऱ्या विहिरीवर गेले. जेठी कोळीण माझ्याकडे येऊन म्हणाली, "बा, पोरं पाणी ओकतायत. तुम्ही राणी आहात ना, का नुसतं म्हणायचं?"

मी पडदा सोडून पायी निघाले. कुलूप तोडायला बोलावलेला लोहार भ्याला, ते जेठीने दगडाने फोडले. साहेब आला. त्याने कारभाऱ्याकरवी विचारले, "राणीसाहेब बाहेर कशा?"

मी म्हटले, "साहेबांना सांगा, तहान लागली. त्यांच्या घोड्यांनाही पाजू. रांगेत उभे करा."

संस्थानकडून मला मिळणारी सालाना नेमणुकीची रक्कम बंद झाली. जेठीला तुरुंग झाला. साहेबांच्या शाळेत शिकून अखेराज गादीवर बसला आणि त्याने पहिले काम केले ते माझ्या वतीने माफी लिहून देण्याचे. मी विचारले, "बापू, पाणी कुणाच्या बापाचं होतं?"

"तुमच्या," तो म्हणाला. "पण गादी साहेबांच्या हातची आहे, बा."

ती बारव मी खाखरवाड्याच्या समस्त रहिवाशांना देते. समस्त म्हणजे वणकरवासातले अस्पृश्य विणकरही. आजवर त्यांना वरून पाणी वाढले जाई. यापुढे ते पायऱ्या उतरतील. ज्याला विटाळ होईल त्याने खाऱ्या विहिरीवर जावे.

२. माझी घोडी माणकी सूनबाई रूपाळीबा हिला. तिला बसता येत नाही. शिकावे.

३. अखेराजला माझ्याकडून काही नाही. माया नाही असे नव्हे; ताप आला की तो माझाच हात धरून झोपे. दिवाणखान्यातली साहेबाची तसबीर त्याने उतरवली, तर वडिलांची तलवार त्याची. तोवर ती आमचे चारण देवदान गढवी यांच्याकडे राहील.

४. माझ्या अंत्यविधीस एजन्सीची परवानगी मागू नये.

साक्षीसाठी कारभाऱ्यांनी दोन दरबारी माणसे सुचवली. मी नको म्हटले आणि जेठीला बोलावले. ती म्हणाली, "बा, परत तुरुंग ना?"

"असेल. पण या वेळी मी सोबत नसेन."

"तेव्हा तरी कुठं होतात," ती म्हणाली, आणि तिने अंगठा दाबला. हेही लिहावे, असे मी लेखनिकास सांगितले.

सही : ठकराणी हांसबा
साक्षीदार : जेठी, राणा कोळी याची विधवा, हिचा डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार : देवदान गढवी
ठिकाण : खाखरवाडा. चैत्र सुद पंचमी, संवत १९९४