पुढे चालणारीचं चिलखत

प्रिय वहिनी,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळं छान आहे. मी वेळेवर जेवते, खोलीची खिडकी लावून झोपते आणि तू दिलेला स्वेटर घालते. तुझे नेहमीचे प्रश्न संपले, आता पुढचं नीट वाच. फोनवर आपलं बोलणं होतच नाही. 'जेवलीस का' पासून सुरू होतं आणि 'बरं, ठेवते' वर संपतं. मधे मी काही महत्त्वाचं काढलं की तुझ्या चष्म्याच्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं. तू बसतेस मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्रापाशी. तिथे गिऱ्हाईक कुठून उगवतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. कागदाला मात्र तुला मधेच तोडता येणार नाही.

लिफ्टवाल्यांना तू नाही म्हणालीस, हे आईकडून कळलं. आपल्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला येणारा तो शांत माणूस. काम झालं की आपल्याच मजल्यावर रेंगाळून 'आता आवाज येत नाही ना?' विचारणारा आणि तू 'नाही येत' म्हटल्यावर जरासा खट्टू होणारा. आई म्हणते, माणूस चांगला आहे, फक्त बोलतं करायला बटण दाबावं लागतं. तर त्या माणसानं स्वतःहून, आईसमोर बसून, तुला लग्नाचं विचारलं. आणि तू काय सांगितलंस? चिमणीचं अजून मार्गी लागायचंय आणि आईंना एकटं टाकून मी कुठे जाऊ. म्हणजे नकार तुझा आणि कारणं आम्ही दोघी. ते मनात घोळतंय, पण आधी तुला आमच्या उपचार केंद्रातली एक गंमत सांगायची आहे. ती ऐकल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

इथे माझ्याकडे एक आजोबा येतात. आयुष्यभर बस चालवली, आता पक्षाघातानं उजवा हात मंदावलाय. स्वभाव असा की सगळं केंद्र त्यांना टरकून असतं. मी हातात रबरी चेंडू दिला आणि दाबा म्हटलं, तर म्हणाले, दाबला तर यातून काय निघणार आहे? खुंट्या भोकांत बसवायला दिल्या, तर म्हणाले, बसवल्या की तू परत काढणार, मग बसवू कशाला? मला हसू आलं, कारण म्हणणं खरं होतं. पदवी घेताना मला सगळे स्नायू पाठ करायला लावले, पण माणसानं हात का हलवावा, याचं उत्तर कुठल्या तासाला शिकवल्याचं आठवत नाही. मग मला आपलं भुयार आठवलं.

आजोबांना ते खेळायला देण्यासाठी मोठ्या मॅडमची परवानगी काढायला गेले तेव्हा आपला हा कॉम्प्युटरवरचा खेळ मला पहिल्यांदाच कुणाला तरी शब्दांत सांगावा लागला. एक अंधारं भुयार असतं, मजल्याखाली मजला. समोरून सापळे, कोळी, राक्षस येतात, त्यांना कापत पुढे जायचं. कुणी पडलं की त्याच्या जागी काहीतरी खणकन पडतं, कधी तलवार, कधी हातमोजे, कधी नुसतीच लाल औषधाची बाटली. ते उचलायचं, अंगावर चढवायचं, थोडं बळकट व्हायचं आणि पुढचं दार उघडायचं. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, बस, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. पण सांगता सांगता मला कळत होतं की हे एवढंच आपल्याला केवढं पुरलं होतं.

दादा गेल्यानंतरचं ते वर्ष मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तापाचं निमित्त झालं आणि घर रिकामं झालं. भेटायला येणारे तुझ्याकडे बघून बोलायचे आणि तू भिंतीकडे बघून ऐकायचीस. त्याचा तो घरघरणारा जुना कॉम्प्युटर चादरीखाली झाकून ठेवलेला होता, कुणी हात लावायला धजत नव्हतं. मग एका संध्याकाळी तू ती चादर काढलीस, घडी करून कपाटात ठेवलीस, खेळाचा दुसरा रिमोट माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "चल चिमणे, खाली जाऊ."

बस, इतकंच. सांत्वन नाही, उपदेश नाही. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी आपण दोघी त्या भुयारात काढल्या. लोकांना वाटतं असले खेळ मारामारीचे, डोकं बधिर करणारे. कॉलेजात माझी मैत्रीण तावातावानं तसं म्हणाली होती आणि मी तिच्याशी तासभर भांडले होते. सगळ्यांचंच भलं होतं असं नाही म्हणत मी. दूध उतू जाऊन आपल्याही घरची दोन पातेली काळी झालीच की. पण ज्या घरात पुढे काय करायचं हेच कुणाला कळत नव्हतं, तिथे तो खेळ दर क्षणाला सांगायचा की आता हे कर, मग हे दार उघड. रडायला सवडच मिळायची नाही, कारण समोरून सतत कुणीतरी धावून येत असायचं. आणि आईसुद्धा काय, पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग रोज स्वयंपाकघरातून हाक मारू लागली की मारून झालं असेल तर जेवायला या.

तुझी ती दोन कुऱ्हाडींची लढवय्यी पुढे आणि माझी धनुष्यवाली मागे. लढवय्यीचं नाव तू 'आत्याबाई' ठेवलंस, कारण राग आला की आपली आत्या हुबेहूब तशीच दिसते. एकदा खुद्द आत्या घरी येऊन आपल्या मागे उभी राहिली, पडद्यावर स्वतःचं नाव वाचलं. आणि तिनं एवढंच विचारलं की ही हरत तर नाही ना. जाताना तुझ्या पाठीवरून हात फिरवून गेली.

हरायचो मात्र आपण, त्या पुलाच्या मजल्यावर. शिंगवाला राक्षस हातोडा घेऊन यायचा, एका फटक्यात आत्याबाई आडवी व्हायची आणि मग माझी धनुष्यवाली, नखशिखान्त सोन्यानं मढलेली, पाठोपाठ पडायची. किती वेळा गेलो तरी तेच. तू म्हणायचीस, खेळ बनवणारा या राक्षसाला मारायची सोय करायलाच विसरलाय. मलाही ते पटलं होतं, अगदी गेल्या आठवड्यापर्यंत.

गेल्या आठवड्यात आजोबा त्या पुलापर्यंत पोचले. तुला खोटं वाटेल, पण चेंडूला शिव्या घालणारा माणूस आता माझ्याआधी येऊन बसलेला असतो. खेळानं हात बरा झाला असं मी म्हणणार नाही. खेळासाठी ते हात वापरायला लागले, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. ते पुढे असतात, मी मागे, माझ्या नेहमीच्या जागी. पुलाच्या आधीच्या दालनात एक झळाळतं चिलखत पडलं आणि सवयीनं मी ते उचललं. आजोबांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि बस थांबवून फुकट्या प्रवाशाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"पोरी, पुढे कोण चालतंय?" ते म्हणाले. "मग चिलखत कुणाला? मी पडलो तर तू मागे उभी राहून कुणाच्या जिवावर बाण मारणार आहेस?"

मी मुकाट्यानं ते खाली टाकलं, त्यांनी उचललं आणि आत्याबाईनं जे कधी केलं नाही ते त्यांच्या लढवय्यानं केलं. राक्षसाचा फटका खाऊन तो उभा राहिला. हातोडा पुन्हा वर जाईपर्यंत माझे सगळे बाण लागले. पूल पार झाला. आजोबा ओरडले, शेजारच्या बाकावरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मी वेड्यासारखी रडत होते. आजोबा घाबरून म्हणाले, घे बाई, तुझं चिलखत परत घे.

वहिनी, मला एकदम दिसलं की त्या सगळ्या संध्याकाळी जे जे खणकन पडलं, ते तू 'हे तुला होईल' म्हणत माझ्याकडे टाकलंस. लाल बाटल्यासुद्धा. पहिल्या मजल्यावर मिळालेलं तेच चामड्याचं जाकीट घालून तू खालच्या सगळ्या मजल्यांवर माझ्यापुढे उभी राहिलीस. आणि भुयाराबाहेर काय वेगळं होतं? खिडकीजवळचं टेबल मला, परगावी निघताना नवी बॅग मला, परीक्षेच्या काळात घरातली शांतता मला. आपल्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझ्या नावानं, पण तो येईपर्यंत दारात तू उभी होतीस. यासाठी आभार मानायला गेले की तू 'चल, काहीतरीच' म्हणतेस, म्हणून इथे लिहून टाकते, खोडता येणार नाही असं. तू होतीस म्हणून मी इथवर आले. माझं मार्गी लागलंय, वहिनी. रोज माणसं माझ्याकडे हात घेऊन येतात आणि थोडा जास्त हलणारा हात घेऊन घरी जातात. आणखी किती मार्गी लागायचं असतं?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. ते मी आईच्या सांगण्यावरून लिहिलंय. काल तिनं फोन केला, तू दुकानात असताना. म्हणाली, "ती मला रोज दिसायला हवी, पण अशी थांबलेली नको. तोंडावर सांगायला गेले तर मला रडू येईल आणि तिला वाटेल, मी मनाविरुद्ध बोलतेय. तू लिही. तुला शिकवलंय कशासाठी?" लिफ्टवाले दोन गल्ल्या सोडून राहतात, एवढं अंतर तर मी रुसूनसुद्धा चालत येईन, असंही म्हणाली. आणि तुला न सांगता तिनं रविवारी संध्याकाळी त्यांना जेवायला बोलावलंय. तुला कुणी नकळत ढकलावं हे मला पटत नाही, म्हणून आधीच कळवते. तुझ्या मनात नसेल तर खुशाल नाही म्हण, मी तुझ्याच बाजूनं उभी राहीन. फक्त आमचं कारण देऊ नकोस. ते आम्ही दोघींनी परत घेतलंय. रविवारी बेल वाजेल तेव्हा आई मुद्दाम न्हाणीघरात असेल आणि कितीही हाका मारल्यास तरी बाहेर येणार नाही. दार तुलाच उघडावं लागेल.

तुझीच,
चिमणी