वाइलोतोच्या चर्चची वाळू

मी, एलिसाइया तौमुआ, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गवंडीकाम, राहणार वाइलोतो गाव, सावाई बेट, सामोआ, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागच्या व्यवस्थेचा हा कागद लिहून ठेवत आहे. साखरेच्या आजाराने डाव्या पायाची दोन बोटे नेली आहेत, डोके नेलेले नाही. याबाबत माझी मुलगी लोसा वेगळे सांगेल, ते ग्राह्य धरू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कंटाळाच केला.

कलम १. जमीन माझी नाही, घराण्याची आहे. ती कोणी कसायची हे घराण्याचा प्रमुख ठरवील. मला ती देता येत नाही आणि कोणाला मागता येत नाही. हे कलम माझ्या जावयाने दोनदा वाचावे.

कलम २. पत्र्याचे घर, मागचे स्वयंपाकघर आणि डुकरे लोसाला. मुलगा इएरेमिया सत्तावीस वर्षे ऑकलंडला आहे, त्याचे तिथे छान चालले आहे. तो मला फोनवर म्हणाला, "बाबा, तुमच्या थडग्याला निळ्या टाइल्स लावू. मालाएतेलेवाले बघतच राहतील." माझ्या थडग्याला टाइल्स लावू नयेत. साधा चुना फासावा. मालाएतेले हे आमचे शेजारचे गाव, आणि त्यांनी बघत राहावे म्हणून आम्ही जे केले ते एका जन्माला पुरे झाले.

कलम ३. थापी, ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि दोन घमेली मालाएतेलेच्याच सेफो गवंड्याला. आमच्या गावाला राग येईल. येऊ दे. आमच्या पोरांना हत्यार धुऊन ठेवायचे कळत नाही.

कलम ४. जुने चर्च. ही मालमत्ता नव्हे, पण पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली, म्हणून लिहितो. सामोआवर जर्मनांचा झेंडा होता तेव्हा, १९०३ साली, गावाने ते बांधले. लंडनहून आलेल्या मिशनऱ्याने नकाशा काढला, बाकी सगळे आमच्या आजोबा-आज्यांनी केले. पुरुषांनी समुद्रात बुड्या मारून प्रवाळाचे दगड वर आणले. बायकांनी ते खड्ड्यात लाकडांवर रचून भाजले, त्याचा चुना झाला. चुन्यात किनाऱ्याची वाळू घातली. भिंत हातभर जाड होती. प्रत्येक घराण्याने आपल्या वाट्याची भिंत उभी केली आणि पुढे दरवर्षी मे महिन्यात आपापला वाटा पांढरा केला. आमचा वाटा उत्तरेकडच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खिडकीमधला. माझी आजी तिथेच डोके टेकून बसायची. तिच्या खोबरेल तेलाचा डाग चुन्याचे तीन हात दिले तरी वर यायचा.

१९७६ साली मालाएतेलेने दोन मनोऱ्यांचे सिमेंटचे चर्च बांधायला काढले. आमची मंडळी काँग्रिगेशनल पंथाची. आमच्यावर बिशप नाही, हुकूम सोडणारा कोणी नाही. मंडळी हात वर करते आणि तसे होते. म्हणून दोष द्यायलाही वर कोणी सापडत नाही. त्या सभेत चर्चचा कारभार पाहणारा डिकन पेनितोआ उभा राहिला आणि म्हणाला, "त्यांचे दोन-दोन मनोरे, आणि आपण काय, आजोबांच्या गुहेत बसून गायचं?" सगळे खदाखदा हसले आणि हात वर झाले. माझाही झाला. मी अडतीस वर्षांचा गवंडी, मला माडीचे चर्च बांधायचे होते.

दुसऱ्याच्या घराण्याची भिंत फोडायला कोणी धजेना. मग ठरले, ज्याचा वाटा त्याने फोडावा. दहा दिवसांत सगळे पडले, एक आमचा तुकडा उभा राहिला. त्याला पाठ लावून माझी आई फुआतिनो बसली होती.

"आई, ऊठ ना. सगळ्यांचं झालं, आपलंच राहिलंय."

"तुझी असेल तर फोड. ही माझ्या सासूची आहे."

"लोक हसतायत गं."

"हसू देत. हसण्यानं भिंत पडत नाही."

तीन दिवस ती उठली नाही. लोसा तेव्हा आठ वर्षांची, ती आजीला भाजलेला नीरफणस नेऊन द्यायची. चौथ्या दिवशी सकाळी आई अंघोळीला तळ्यावर गेली आणि मी घण घातला. ती परत आली तेव्हा धूळ खाली बसत होती. पुढे अकरा वर्षे जगली, मला वाढले, माझी मुले सांभाळली, पण मी बांधलेल्या चर्चमध्ये ती मरेपर्यंत दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली. मी कारण विचारले नाही. विचारायला हवे होते.

कलम ५. पेनितोआवरचा राग मी सोडून दिला आहे. तो मेला, आणि एकट्याने भांडायची ताकद माझ्यात उरलेली नाही. त्याच्या नातवाने नेलेली माझी शिडी मात्र परत आणून द्यावी.

कलम ६. वाळू. हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. नवे चर्च बांधताना पावसाने दडी मारली होती. तळ्याला प्यायपुरते पाणी. आणि मालाएतेलेच्या आधी आमचे उद्घाटन व्हायला हवे होते. कोणीतरी विचारले, "दादा, वाळू गोड्या पाण्यानं धुवायची ना?" मी म्हणालो, "आजोबांनी धुतली होती का? त्यांची भिंत फोडताना तुझेच हात सोलले ना?" सगळ्यांना पटले. मलाही पटले. आजोबांच्या भिंतीत लोखंड नव्हते, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. माझ्या खांबांत, तुळयांत, माडीत सगळीकडे सळया. खारी वाळू चुन्याला चालते, लोखंडाला ती खाऊन टाकते.

हे मला १९९३ साली कळले. मुलाकडे ऑकलंडला गेलो होतो, तिथे एका बांधकामावर टोंगाचा एक गवंडी भेटला. मी सहज विचारल्यासारखे केले. तो म्हणाला, "खारी वाळू आणि सळई? काका, तसली इमारत आतून मरते. तुम्ही बाहेरून रंग लावत बसायचं." परत आलो आणि माडीखालची तुळई थोडी फोडून पाहिली. सळई फुगली होती, भिजल्या बिस्किटासारखे तिचे पापुद्रे हातात आले. मी ते लिंपून टाकले. तेव्हापासून एकोणीस वर्षे लिंपतो आहे. गाव म्हणते, एलिसाइया चर्चची किती निष्ठेने निगा राखतो. गेल्या वर्षी मंडळीने माझा सत्कार केला, आणि मी मान पुढे करून हार घालून घेतला. मला स्वतःची लाज वाटते. आता तर लाज वाटून घेण्याचाही थकवा येतो.

ऑगस्टात माडीखालून नारळाएवढा तुकडा पडला. खालचे बाक रिकामे होते. तुकडा मी समुद्रात टाकला आणि तुळई पुन्हा लिंपली. या वेळी सिमेंट धरत नव्हते. येत्या रविवारी मुलांचा सण आहे. गावातली साठ मुले पांढरे कपडे घालून त्या माडीवर उभी राहून गाणार आहेत. लोसाची धाकटी पहिल्या रांगेत आहे.

कलम ७. आईने विणलेली बारीक विणीची चटई. तिने ती दोन वर्षे विणली, हाताला कापडासारखी मऊ लागते. ती लोसाला द्यावी, असे मी या ठिकाणी लिहिणार होतो. कलम ६ माझ्या मागे वाचले जाईल, तोवर अब्रू झाकलेली राहील, असा माझा हिशेब होता. आज दुपारी सगळे लोसाला वाचून दाखवले. ती अळूची पाने निवडत होती.

"बाबा, तुम्ही रविवारच्या आत मरणार आहात का?"

"तसा बेत नाही."

"मग हे कोणासाठी लिहून ठेवताय?"

म्हणून कलम ६ माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही. उद्या पहाटे, आमच्याकडे अपराधी माणूस बसतो तसा, मी चटई डोक्यावरून पांघरून चर्चच्या पाळकांच्या अंगणात बसेन आणि मंडळी जमली की खालूनच सगळे सांगेन. त्यांनी चटई उचलली तर क्षमा मिळाली. नाही उचलली तर घराण्यासकट गावाबाहेर काढतील. तो त्यांचा हक्क आहे. दोन्हींपैकी काहीही झाले तरी मुले माडीवर चढणार नाहीत.

लोसाला मी म्हणालो, तू येऊ नकोस, तुला या गावात राहायचे आहे. ती म्हणाली, "सरकून बसा म्हणजे झालं. चटई दोघांना पुरेल एवढी आहे."

तेव्हा चटई कोणाला जाईल हे आज लिहीत नाही. उद्या ती आम्हा दोघांच्या डोक्यावर असेल.

साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली आहे. मजकूर त्यांना उद्या सगळ्यांबरोबर कळेल.

सही: एलिसाइया तौमुआ

साक्षीदार:
१. तालितुआ पोउली, शिक्षिका, वाइलोतो
२. मासेलिना लेइउआ, परिचारिका, वाइलोतो

ठिकाण: वाइलोतो, सावाई
मंगळवार, ९ ऑक्टोबर २०१२